तगरीखालची हातभर माती मोकळी ठेवा

पावसाळा अर्धा सरला की जुन्या इंदुरात अंगण राखून असलेल्या घरांतून एक तक्रार हमखास येते. काल पानांनी भरलेली तगरीची फांदी आज बोडकी झालेली असते. खाली फरशीवर जाड जाड लेंड्या पडलेल्या असतात आणि नीट शोधले तर पानामागे बोटाएवढी जाड हिरवी अळी सापडते. तिच्या शेपटाशी आखूड शिंग असते आणि मानेजवळ दोन निळे डोळे. पाहणारा दचकतो. पुढे एक तर चप्पल निघते, नाही तर फवाऱ्याची बाटली.

त्या वेळी काय करावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. ही अळी हॉक मॉथ कुळातल्या पतंगाची. ती चावत नाही, तिला नांगी नाही, तिच्या अंगाला हात लागला तर खाज सुटत नाही. मानेवरचे डोळे खरे डोळे नसतात. पक्ष्याला बिचकवण्यासाठी ते नुसते ठिपके असतात. आपण तिला मारले नाही तर काही आठवड्यांत तिचा देखणा, वेगवान पतंग होतो आणि संध्याकाळी आपल्याच फुलांवर येतो. मात्र त्यासाठी नुसते न मारणे पुरत नाही. अळीचे पोट भरल्यावर तिला झाड नको असते, जमीन हवी असते. आपल्या अंगणात आज नेमकी तीच उरलेली नाही.

आधी ओळख पटवा

सगळ्या अळ्यांना एकाच मापाने मोजू नका. अंगावर दाट केस असलेला सुरवंट असेल तर त्याला हात लावू नका. अनेक सुरवंटांच्या केसांनी अंगावर गांधी उठतात. हॉक मॉथच्या अळीचे अंग गुळगुळीत असते आणि शेवटच्या भागावर, पाठीच्या बाजूने, एक शिंग असते. काही जातींत ते सरळ, काहींत वळलेले, काहींत अगदी आखूड. ते मऊ असते आणि टोचत नाही.

अळी दिसत नसेल तर लेंड्यांवरून माग काढा. या लेंड्या ठसठशीत, दंडगोल असतात आणि त्यांवर उभ्या खाचा दिसतात. ताज्या लेंड्या हिरवट आणि ओलसर, जुन्या काळ्या आणि कोरड्या. ताज्या लेंड्या जिथे पडल्या असतील, त्याच्या बरोबर वरची फांदी खालून वर पाहा. देठाला समांतर, पोट वर करून लोंबलेली अळी बहुधा तिथेच सापडेल.

कोणत्या झाडावर कोण येते

या पतंगांची मादी वाटेल त्या झाडावर अंडी घालत नाही. अळीला पचेल अशाच झाडाचे पान ती वासावरून आणि स्पर्शावरून शोधते. त्यामुळे झाड ओळखले की पाहुणाही बराचसा ओळखता येतो.

तगर, कण्हेर, सदाफुली आणि सातवीण या झाडांवर येतो तो कण्हेरीचा हॉक मॉथ, शास्त्रीय नाव डॅफ्निस नेरी. तगर रोपवाटिकेत ‘चांदनी’ या नावाने मिळते आणि सातविणीला तिथे सप्तपर्णी म्हणतात. निळ्या डोळ्यांची अळी याचीच. पतंग हिरव्या, पांढरट आणि गुलाबी छटांच्या नक्षीचा असतो. पंख पसरले की सुमारे ९ ते ११ सेंटिमीटर भरतो.

अनंतावर, म्हणजे रोपवाटिकेतल्या गंधराजावर, सेफोनोडीस हायलस येतो. याचे पंख पारदर्शक असतात आणि हा भर दिवसा उडतो. कोषातून बाहेर येताना त्याच्या पंखांवर खवल्यांचा पातळ थर असतो, पण पहिल्याच फडफडीत ते खवले झडून जातात. फुलासमोर हवेत एका जागी थांबून तो मध पितो, म्हणून कित्येक जण ‘अंगणात हमिंगबर्ड आला’ असे सांगतात. हमिंगबर्ड भारतात नाहीत. फुलासमोर तरंगणारा तो छोटा जीव बहुतेक वेळा दिवसा उडणारा हॉक मॉथ असतो.

मोरीच्या पाण्यावर वाढवलेल्या अळूवर आणि कुंडीतल्या तेरड्यावर थेरेट्रा ओल्डेनलँडी या पतंगाची अळी मिळते. ती काळपट असून बाजूने पिवळ्या-नारिंगी ठिपक्यांची रांग असते. अळूवर हिपोटिऑन सेलेरिओचीही अळी येते. वडीसाठी पाने काढताना खालची बाजू पाहून घ्या आणि अळी असलेले पान तेवढे झाडावरच राहू द्या.

तीळ, वांगे आणि जाई-जुईच्या कुळातल्या वेलींवर सापडते ती अकेरॉन्शिया स्टिक्सची अळी. बाजूला तिरपे पट्टे, शेवटी वळलेले खरखरीत शिंग आणि भरपूर लांबी ही तिची खूण. डिवचले तर ती जबडे आपटून कटकट आवाज करते. हिच्या पतंगाच्या पाठीवर माणसाच्या कवटीसारखी खूण असते, त्यामुळे जगभर त्याला अपशकुनी ठरवले गेले आहे. ती खूण म्हणजे खवल्यांच्या रंगांची मांडणी आहे, त्यापलीकडे काही नाही. घरात शिरलेला असा पतंग दिव्याला भुलून आलेला असतो. पकडल्यावर तो चीं चीं करतो. सोंडेतून हवा खेचताना आणि सोडताना तो आवाज होतो.

बुचाच्या झाडावर सिलोग्रामाची अळी येते, तर रताळ्याच्या वेलावर अ‍ॅग्रियस कन्व्हॉल्व्ह्युलीची. अ‍ॅग्रियस मूग-उडदावरही जातो. त्याची सोंड त्याच्या स्वतःच्या शरीराहून लांब असते.

अंड्यापासून पतंगापर्यंत

कण्हेरीच्या हॉक मॉथचे उदाहरण घेऊ. मादी कोवळ्या पानांवर एकेक अंडे सुटे ठेवते. अंडे फिकट हिरवे, गोलसर, जेमतेम दीड मिलिमीटरचे. पावसाळ्यातल्या उबदार हवेत साधारण चार-पाच दिवसांत अळी बाहेर येते. ती बारीक असते आणि शिंग तिच्या मानाने लांब आणि काळे दिसते. पुढे ती चार वेळा कात टाकते, म्हणजे अळीच्या पाच अवस्था होतात. या सगळ्याला अडीच-तीन आठवडे लागतात आणि शेवटी तिची लांबी ७ ते ८ सेंटिमीटरपर्यंत जाते.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. अळी जन्मभरात जेवढे खाते, त्यातला फार मोठा वाटा ती शेवटच्या अवस्थेतल्या मोजक्या दिवसांत खाते. बोडकी फांदी आपल्या नजरेला पडते तीही तेव्हाच. म्हणजे आपण औषध शोधायला निघतो तेव्हा अळीचे खाणे संपतच आलेले असते. एक-दोन दिवसांत ती स्वतःहून झाड सोडणार असते. पावसाळ्यातली तगर काही आठवड्यांत पुन्हा पालवते. अशा वेळी फवारणी केली तर झाडाला काहीच मिळत नाही, आणि मधमाश्या, फुलपाखरे, चतुर मात्र मरतात.

झाड सोडण्याआधी अळीचा रंग पालटतो. हिरवी अळी तपकिरी, जांभळट होते, खाणे थांबवते आणि खाली उतरून चालू लागते. या वेळी ती ज्या लगबगीने चालते, ते पाहून ती आजारी किंवा विषारी झाली असावी असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात ती कोष करण्यासाठी जागा शोधत असते.

इथे अडते

कण्हेर, अनंत आणि अळूवरच्या अळ्या जमिनीवर, पडलेल्या पानांखाली, विरळ धाग्यांनी पाने आणि मातीचे कण गुंफून कोष करतात. तीळ, रताळे आणि बुचावरच्या अळ्या मात्र जमीन उकरून खाली जातात, मातीत एक गुळगुळीत पोकळी तयार करतात आणि तिथे कोषात जातात. एकीला पाचोळा हवा, दुसरीला भुसभुशीत माती. फरशी दोघींच्याही कामाची नाही.

जुनी इंदूर ही कान्ह-सरस्वतीच्या काठची, शहरातली सर्वांत जुनी वस्ती. चौक, परसदार, तुळशीवृंदावन, विहीर यांभोवती घरे उभी राहिली, तेव्हा झाडाच्या बुंध्याशी माती असायचीच. आता घरे वर वाढली, अंगणात गाडी आली आणि बुंध्यापर्यंत टाइल्स आल्या. झाड तेच राहिले, फुले तीच राहिली, अंडीही घातली जातात. पण पूर्ण वाढलेली अळी खाली उतरते आणि टाइल्सवर रात्रभर भटकते. सकाळी ती चाकाखाली येते, उन्हात सुकते किंवा झाडूत जाते.

म्हणून पहिले काम: झाडाच्या बुंध्याभोवती किमान हातभर त्रिज्येचे आळे मोकळे ठेवा. मालव्याची काळी माती वाळली की टणक होते आणि अळीला उकरता येत नाही. वरच्या पंधरा-वीस सेंटिमीटर मातीत वाळू आणि कुजलेले खत मिसळून ती भुसभुशीत करा. आळ्याला विटांची कड लावा, म्हणजे माती अंगणभर पसरणार नाही.

दुसरे काम: त्याच झाडाची पडलेली पाने आळ्यात चार-पाच सेंटिमीटर जाडीने राहू द्या. स्वच्छतेत २०१७ पासून सलग अनेक वर्षे देशात पहिले आलेल्या शहरात पाचोळा ठेवायला संकोच वाटणे साहजिक आहे. पण विटांच्या कडेत राखलेला पाचोळा म्हणजे अस्वच्छता नव्हे. डासांची भीती असेल तर कुंड्यांखालच्या ताटल्या, उघडी पिंपे आणि टायर तपासा. डास साचलेल्या पाण्यात वाढतात, पाचोळ्यात नाही. विंचू-सापाची धास्ती असेल तर थर पातळ ठेवा आणि दारालगतच्या झाडाऐवजी कडेचे झाड निवडा.

तिसरे काम: ऑगस्टपासून पुढच्या पावसापर्यंत त्या आळ्यात कुदळ चालवू नका. पावसाळ्यात कोषातून दोन-तीन आठवड्यांत पतंग बाहेर येतो, पण जमिनीत खोल गेलेले काही कोष थंडीत बराच काळ तसेच पडून राहतात. खुरपताना तपकिरी, चकचकीत, एका टोकाला निमुळता कोष वर आला तर तो फेकू नका. मूळ जागी अलगद ठेवून वर माती किंवा पाने घाला.

आळ्यातली माती खताच्या ढिगातही टाकू नका. कंपोस्टची इंदूर पद्धत याच शहरातली. १९२४ मध्ये इथे सुरू झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी ती विकसित केली आणि १९३१ मध्ये पुस्तकरूपाने जगापुढे मांडली. नीट रचलेला ढीग आतून चांगला तापतो. तण आणि रोगजंतू मरावेत म्हणून ते हवेच असते. पण त्या उष्णतेत कोषही वाचत नाही. म्हणून बाकीचा पाचोळा खुशाल खताला द्या, या एका आळ्यातला मात्र जागेवरच कुजू द्या.

झाड कुंडीत असेल किंवा फरशी काढणे शक्य नसेल, तरी उपाय आहे. पसरट टोपलीत किंवा जुन्या टबात वीतभर भुसभुशीत माती भरा, वर पाने पसरा आणि ती कुंडीला टेकवून ठेवा. फरशीवर चालणारी तपकिरी अळी दिसली की तिला पानावर चढवून त्या मातीवर सोडा. बाकीचे ती पाहून घेते.

घरात वाढवून पाहायचे असेल तर

शाळकरी मुले असलेल्या घरांनी हे एकदा जरूर करावे. अळी ठेवण्यासाठी रुंद तोंडाची बरणी किंवा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाशी कागद घाला आणि तोंडावर मलमलचे कापड बांधा. एका डब्यात एक-दोनच अळ्या ठेवा.

ज्या झाडावर अळी सापडली, त्याच झाडाची ताजी पाने रोज द्या. तगरीच्या अळीला अळू चालत नाही. पाने धुऊन पुसून घाला. पाण्याची वाटी ठेवू नका, अळी त्यात बुडते. लेंड्या रोज काढा, नाही तर बुरशी धरते. डबा उन्हात ठेवू नका. अळी हालचाल न करता मान आत ओढून बसली असेल तर ती कात टाकण्याच्या तयारीत आहे. तिला त्या दिवशी हात लावू नका.

कण्हेरीची पाने हाताळताना काळजी घ्या. कण्हेरीचा रस विषारी आहे; पोटात गेला तर हृदयावर परिणाम होतो. पाने मोठ्यांनीच तोडावीत, लगेच साबणाने हात धुवावेत, आणि लहान मुले असतील तर कण्हेरीऐवजी तगरीची अळी निवडावी.

अळीचा रंग पालटला की तिला दुसऱ्या डब्यात ठेवा. या डब्यात वीतभर ओलसर माती आणि वर कोरडी पाने असावीत. त्यानंतर आठवडाभर डबा हलवू नका. नवा कोष फार नाजूक असतो. मधून मधून पाण्याचा हलका शिडकावा करा. आत एक खडबडीत काडी तिरपी टेकवून ठेवा. बाहेर आलेल्या पतंगाचे पंख आधी चुरगळलेले आणि ओले असतात. लोंबकळायला आधार मिळाला तरच ते पूर्ण उलगडतात. नाही मिळाला तर पतंग जन्मभर अपंग राहतो. पंख वाळले की अंधार पडताना त्याला फुलांजवळ सोडा. उडण्याआधी तो काही मिनिटे थरथरतो. तो आजारी नसतो, उडण्याचे स्नायू तापवत असतो.

कधी कधी अळीच्या अंगावर पांढरे, तांदळाएवढे कोष चिकटलेले दिसतात. ते तिच्या अंगात वाढलेल्या परजीवी गांधीलमाश्यांचे. ही अळी वाचत नाही, पण ते कोष झाडावर ठेवा. अळ्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे काम याच माश्या, भारद्वाज, साळुंक्या आणि बुलबुल करतात.

तीळ आणि मधपेट्या

शेतकऱ्याचा हिशोब अंगणापेक्षा वेगळा असतो. तिळाच्या शेतात अकेरॉन्शियाच्या मोठ्या अळ्या दिसल्या तर फवारणीआधी त्या हाताने वेचा. त्या मोठ्या आणि ठळक असल्याने वेचणे सोपे जाते. पीक निघाल्यावर खोल नांगरट केली की कोष वर येतात आणि पक्षी ते टिपतात.

मधपाळांनीही या पतंगाकडे लक्ष द्यावे. सातेरी मधमाश्यांच्या पोळ्यात तो रात्री शिरतो आणि आपली आखूड, मजबूत सोंड मधकोठडीत खुपसून मध पितो. पेटीचे दार फक्त माश्या जातील इतके अरुंद केले की प्रश्न सुटतो. पतंग मारायची गरज पडत नाही.

इंदूर ते जपान

हे पतंग एका गावाचे किंवा एका देशाचे नाहीत. अकेरॉन्शिया स्टिक्स पश्चिम आशियापासून भारतातून थेट चीन, कोरिया आणि जपानपर्यंत आढळतो. अळूवरचा थेरेट्रा ओल्डेनलँडी भारतापासून जपानपर्यंत आणि दक्षिणेला ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेला आहे. अनंतावरचा सेफोनोडीस जपानी बागांतही अनंताच्याच झुडपावर वाढतो. कण्हेरीचा हॉक मॉथ आफ्रिका आणि दक्षिण युरोपपासून आग्नेय आशियापर्यंत मिळतो.

एवढ्या पसाऱ्याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे उड्डाण: लांब, निमुळते पंख आणि मधाचे इंधन यांमुळे हे पतंग फार दूर जाऊ शकतात, अ‍ॅग्रियस तर खंडांतर करणारा म्हणूनच ओळखला जातो. दुसरे म्हणजे माणसाच्या बागा. आपण शोभेसाठी कण्हेर, तगर, अनंत जिथे जिथे लावले, तिथे तिथे अळीला अन्न मिळाले.

भारतातल्या हॉक मॉथची माहिती मुळात अंगणांतून आणि रानांतून अळ्या वाढवूनच जमली. कारवारला राहिलेले वनाधिकारी टी. आर. बेल यांनी असंख्य अळ्या पाळून त्यांच्या नोंदी केल्या. त्यांचा आणि एफ. बी. स्कॉट यांचा या कुळावरचा ग्रंथ १९३७ मध्ये ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेत निघाला. तेच काम आज फोनच्या कॅमेऱ्याने कुणालाही करता येते. अळीचा बाजूने एक आणि समोरून एक फोटो घ्या, झाडाचे नाव आणि तारीख लिहा आणि आयनॅचरलिस्ट किंवा मॉथ्स ऑफ इंडियावर नोंद करा. दरवर्षी जुलैच्या शेवटी राष्ट्रीय पतंग सप्ताह असतो आणि तेव्हा मालव्यात पाऊस स्थिरावलेला असतो. सुरुवातीला तो आठवडा चांगला.

पतंगासाठी रात्र

शब-ए-मालवाची, म्हणजे मालव्याच्या रात्रीची, ख्याती थंड वाऱ्यासाठी आहे. या पतंगांना त्या रात्रीत अंधारही हवा. अंगणातला पांढरा झगझगीत एलईडी रात्रभर चालू ठेवू नका. गरजेपुरता, पिवळसर, खाली तोंड केलेला दिवा लावा. सकाळी दिव्याखाली पतंग बसलेला दिसला तर झाडू मारू नका. कागदावर घेऊन सावलीतल्या झाडावर ठेवा.

फुलांमध्ये गुलबक्षी, जाई-जुई, पारिजातक, रातराणी यांपैकी जे जमेल ते लावा. पपई असेल तर फारच उत्तम. तिच्या परागीभवनात हॉक मॉथचा मोठा वाटा असतो. नर आणि मादी झाडे वेगळी असतील तर पराग पोहोचवणारा कुणी तरी लागतोच. रोपवाटिकेतून झाड आणताना त्याला मुळातून कीटकनाशक दिले आहे का, हे विचारून घ्या. असे औषध पानांत कित्येक आठवडे टिकते आणि तेवढ्या काळात त्या पानावर वाढणारी प्रत्येक अळी मरते.

एवढे सगळे एकदम जमले नाही तरी हरकत नाही. दिवे पुढच्या महिन्यात बदलता येतील, फुलझाडे पुढच्या पावसात लावता येतील. फरशी मात्र एकदा बसली की वीस-पंचवीस वर्षे कुणी काढत नाही. म्हणून घरी अंगणाचे काम निघाले असेल तर सिमेंट कालवण्याआधी गवंड्याला बोलावून घ्या, तगरीच्या बुंध्याभोवती खडूने हातभर त्रिज्येचे वर्तुळ आखून द्या आणि तेवढी जागा सोडून फरशी बसवायला सांगा.